गाडीची पत्रिका

चिपळूणच्या सुधाकर रेडीज यांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हा त्यांच्या दोन मुलींत वाटून घ्यायचं असं एकच काही उरलं होतं. पोर्चमध्ये उभी असलेली त्यांची नऊ वर्षांची पांढरी इलेक्ट्रिक गाडी. घर त्यांनी हयातीतच थोरल्या हेमांगीच्या नावावर केलं होतं, बँकेतली ठेव धाकट्या तेजलला दिली होती. गाडीबद्दल कागदावर एका ओळीत लिहिलं होतं, की बाजारात जी किंमत येईल ती दोघींनी निम्मी-निम्मी घ्यावी.

हेमांगीला गाडी नको होती. बाजारपेठेतल्या तिच्या रक्ततपासणीच्या लॅबपर्यंत तिची दुचाकी पुरत होती. गाडी विकू, निम्मे पैसे कराडला तेजलकडे पाठवू, विषय संपला, असं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात कराडहून तेजलचा फोन आला.

"ताई, गाडी बाहेर नको विकूस. मी घेते."

"तुझ्या दारात दोन गाड्या आहेत की."

"असू देत. घरातलं सगळं तुझ्याजवळ राहिलं. बाबांची खुर्ची, चष्मा, रेडिओ. मला एक तरी वस्तू हवी ना त्यांच्या हातची. किंमत तू सांगशील ती."

"बघते," म्हणून हेमांगीने फोन ठेवला. मग ती ओट्यापाशी इतका वेळ उभी राहिली, की शेगडीवरचं दूध उतू जाऊन खाली सांडलं तेव्हाच भानावर आली.

पन्नाशीला टेकलेल्या बाईने बहिणीच्या एका वाक्यावर इतकं जळावं, हे तिचं तिलाच बरं वाटत नव्हतं. पण हे जळणं आजचं नव्हतं. आई गेली तेव्हा हेमांगी एकवीस वर्षांची होती आणि तेजल चौदाची. त्या दिवसापासून घर हेमांगीने सांभाळलं. तिच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहूनच गेलं. बाबांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, पुढे इन्सुलिन, सगळं तिच्या हाती. आणि बाबांचं तोंड उजळायचं ते तेजलचा फोन आला की. मे महिन्यात फणस फोडला, की पहिले टपोरे गरे ते डब्यात भरून बाजूला ठेवायचे, "तेजलला पाठवू" म्हणून. उरलेले हेमांगीच्या ताटात. तेजल अठराची झाली त्याच आठवड्यात त्यांनी तिला पोफळीच्या रस्त्यावर गाडी शिकवली. हेमांगीने शिकवा म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, "तुला कशाला? मी आहे ना." पस्तिसाव्या वर्षी ती पैसे भरून शिकली. परवाना आणून त्यांच्यापुढे धरला, तर कौतुकाने म्हणाले, "तेजल पहिल्याच फटक्यात पास झाली होती, आठवतं?"

किंमत तू सांगशील ती! जणू दान करत होती. बघूच काय किंमत होते, असं म्हणत हेमांगीने दुसऱ्या दिवशी लॅब अर्धा दिवस बंद ठेवली आणि गाडी बहादूरशेख नाक्यावर नाझिम परकारकडे नेली.

नाझिम पूर्वी मेकॅनिक होता, आता गाड्यांच्या पत्रिका काढायचा. पेट्रोलच्या जमान्यात जाणकार माणूस इंजिनाचा आवाज ऐकून, धूर बघून जुन्या गाडीचा भाव सांगायचा. बॅटरीला ना आवाज, ना धूर. इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा तिचा, आणि तिच्या पोटात काय शिल्लक आहे ते कळायला मार्गच नव्हता. पडद्यावर 'तब्येत ९५ टक्के' असा आकडा दिसायचा, पण तो वाढवून देणारे लोक गल्लोगल्ली बसले होते. हायब्रिड गाड्या, मग हायड्रोजनवरच्या गाड्या आल्या, त्यांचंही तेच झालं. घेणारा प्रत्येक जण फसलो की काय या धास्तीतच पैसे मोजायचा.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेने बॅटरीतले सेल वाचण्याची रीत शोधली. बॅटरी भरते तेव्हा लिथियमचे कण एका पत्र्यातून निघून दुसऱ्या पत्र्यात जाऊन बसतात, गाडी चालली की परत फिरतात. या प्रत्येक जाण्यायेण्यात पत्र्यावर एक थर चढतो, केसाच्या हजाराव्या हिश्शाहून पातळ. चढणीला गाडीने जोर लावला तर तो थर एका जातीचा, सपाटीवर दुसऱ्या. उन्हाळ्यातला निराळा, थंडीतला निराळा. घाट उतरताना चाकांतून वीज उलटी बॅटरीत भरते, त्याचा आणखी निराळा. गाडी रात्रभर उभी राहिली तरी एक बारीक रेघ उमटते. गाडीच्या पोटाखाली पट्टा बसवायचा, अगदी सूक्ष्म ध्वनिलहरी सोडायच्या आणि थराथरावरून परतणारा त्यांचा पडसाद यंत्राने वाचायचा. रात्रींच्या रेघा आजपासून मागे मोजत गेलं, की कोणत्या दिवशी गाडी किती चढली, किती उतरली, कुठे किती वेळ थांबली, ते सगळं उलगडत जातं. पडद्यावरचा आकडा खोटा करता येतो. हे थर खोटे करता येत नाहीत. दोन वर्षांतच सरकारने कायदा केला, की असा दाखला असल्याशिवाय जुनी गाडी विकायची नाही. लोक त्याला पत्रिका म्हणू लागले.

हेमांगीला हे समजायला वेळ लागला नाही. तिच्या लॅबमध्ये मधुमेहाचे पेशंट यायचे. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून उपाशीपोटीची साखर चांगली दाखवायचे. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली की रक्त खरं काय ते बोलायचं.

"चार तास लागतील हेमाताई," नाझिम म्हणाला. "बसा, नाहीतर घरी जाऊन या."

ती बसूनच राहिली. दुपारी नाझिम कागद घेऊन आला तो हसतच.

"काकांनी गाडी नाही, तान्हं बाळ सांभाळलंय. नऊ वर्षांत एकदाही शंभर टक्के भरली नाही, ऐंशीला थांबवायचे. वीसच्या खाली कधी जाऊ दिली नाही. उन्हातून आली की आधी निवू द्यायचे, मग चार्जिंग. एवढी जुनी, एवढी फिरलेली गाडी बाजारात दोन लाख साठ हजाराला जाते. हिला चार लाख दहा हजार कुणीही देईल."

"एवढी फिरलेली म्हणजे किती?"

"सत्तेचाळीस हजार किलोमीटर."

हेमांगीच्या कपाळाला आठी पडली. बाबा पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. गुरुवारी तेवढे ते अलोऱ्याला जुन्या मित्रांकडे पत्ते खेळायला जायचे. वीस किलोमीटर जाणं, वीस येणं. कराडच्या फेऱ्या तर तीन वर्षांपूर्वीच थांबल्या होत्या. एरवी बाजार आणि डॉक्टर.

"नाझिम, इतके कुठे फिरत होते ते?"

नाझिमचं हसू मावळलं. त्याने कागदाची घडी घातली. "किमतीला हा पहिला कागद पुरतो, ताई."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे सगळं वाचन. वारसाने मागितला तरच द्यायचा, असा नियम आहे. मी म्हणतो, नका मागू. माणूस गेलं की त्याचं जाणंयेणं त्याच्याबरोबर जाऊ द्यावं."

"मी रोज लोकांचे रिपोर्ट वाचते. मला काही होत नाही. दे."

त्याने दिला. शेवटच्या तीन वर्षांत एकसष्ट फेऱ्या एकसारख्या होत्या, सगळ्या गुरुवारच्या. सुरुवातीला सपाट रस्ता, मग पंचवीस मिनिटं सलग चढण, सहाशे मीटर. मग लांबवर हलका उतार. शहाण्णव किलोमीटरवर पाऊण तास थांबा. मग तसंच परत, आणि शेवटी घाट उतरताना बॅटरी थोडी भरलेली.

चिपळूणहून सहाशे मीटर चढायचं तर कुंभार्ली घाट. आणि घाटापलीकडे, शहाण्णव किलोमीटरवर, कराड.

हेमांगी कागद पर्समध्ये घालून घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही. गुरुवारी सकाळी ती बाबांना नारळाच्या वड्यांचा डबा भरून द्यायची. मित्रांना तुझ्या हातच्या वड्या आवडतात, असं ते सांगायचे. नारळ खवून तिचे हात दुखायचे, तरी आपल्या हाताचं कुणीतरी कौतुक करतंय म्हणून ती मनातून सुखावायची. म्हणजे तीन वर्षं ती तेजलसाठी वड्या थापत होती! आणि दोघांनी मिळून तिच्यापासून लपवलं. फोनवर तेजल विचारायची, "बाबा कसे आहेत गं ताई?" नुकतेच भेटून गेलेले असताना! बाबा घरात येऊन निमूट इन्सुलिनसाठी दंड पुढे करायचे. हेमांगीच्या डोळ्यांपुढे कराडचा दिवाणखाना आला, त्यात हसणारे बाबा आले, त्यांच्या पुढ्यात कपबशी ठेवणारी तेजल आली.

तिने फोन लावला. "पत्रिकेप्रमाणे चार लाख दहा होतात. माझा भाव सहा लाख."

तेजल म्हणाली, "बरं. सहा. रविवारी न्यायला येते."

घासाघीस केली असती तर हेमांगीला बरं वाटलं असतं. तेजलने किंमत मान्य केली, आणि तीही इतक्या सहज, म्हणून ती आणखीच पेटली.

रविवारी तेजल हायड्रोजनच्या एसटीने आली. त्रेचाळिशीची, सडसडीत, बाबांसारखंच रुंद कपाळ. कराडला ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आल्या आल्या ती पोर्चमध्ये गेली आणि गाडीच्या टपावर तळहात ठेवून उभी राहिली. हेमांगीला ते बघवलं नाही. तिने कागद काढून तिच्यापुढे धरला.

"नाटक पुरे. एकसष्ट वेळा आले ना तुझ्याकडे? एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही मला?"

तेजलने कागद वाचला. पुन्हा वाचला. "काय आहे हे?"

"वाचता येतं ना तुला? दर दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारी. माझ्या हातच्या वड्या घेऊन."

"वड्या? कसल्या वड्या?" तेजलचा आवाज चिरकला. "ताई, या तीन वर्षांत बाबा माझ्याकडे दोनदा आले. एकदा वास्तुशांतीला, एकदा दिवाळीत. दोन्ही वेळा तू बरोबर होतीस. मी बोलवून बोलवून थकले. दर वेळी पाठ दुखते म्हणायचे, घाट झेपत नाही म्हणायचे."

हेमांगीने तिचा चेहरा निरखून बघितला. तेजल खोटं बोलत असती तर हेमांगीला कळलं असतं. तिला खोटं कधी जमलंच नव्हतं.

"मग जात कुठे होते?" तेजल म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते हेमांगी ओळखून होती. रोज आरशात बघायची ती. "कराडात आमच्याशिवाय त्यांचं कोण आहे? ज्याच्यासाठी घाट झेपत होता असं कोण?"

रविवारी नाझिम दुपारपर्यंत दुकानात असायचा. दोघी गाडी घेऊन तिथे गेल्या. तेजलने विचारलं, हा पाऊण तासाचा थांबा नेमका कुठला, ते कळेल का?

"कळेल," नाझिम नाइलाजाने म्हणाला. "त्या पाऊण तासात दर वेळी गाडी चार्जिंगला लावलेली आहे. प्रत्येक चार्जरची वीज सोडायची आपली एक लकब असते, तीही थरात उतरते. सगळ्या चार्जरची नोंद सरकारकडे आहे. जुळवून बघतो."

यंत्राला दहा मिनिटं लागली. नाझिमने पडद्यावरचा पत्ता वाचून दाखवला. तेजलने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि खाली बसली.

"तो चार्जर आमच्या शाळेच्या फाटकासमोर आहे," ती म्हणाली.

"पण एक सांगतो," नाझिम पडद्याकडे बघत म्हणाला. "बॅटरीला गरज नव्हती. साठ टक्के शिल्लक असताना लावलंय, तेही सगळ्यात हळू चार्जिंग. कधी पावणेबाराला, कधी बारा वाजता. पाऊण तासाने काढायचं नि निघायचं."

"मग लावायचं कशाला?"

"चार्जिंगला लावल्याशिवाय तिथे गाडी उभी करू देत नाहीत, ताई."

तेजल हळू आवाजात बोलायला लागली. "गुरुवारी माझी फाटकावर ड्यूटी असते. बारा ते साडेबारा. पोरांना बसमध्ये बसवायचं. मी कुरकुर करायचे त्यांच्याजवळ फोनवर, की बाबा, अर्धा तास उन्हात उभं राहावं लागतं." तिने हातांनी तोंड झाकलं. "समोर गाडीत बसून मला बघायचे. आणि परत जायचे. पन्नास पावलांवर होते ताई. आत का नाही आले? मी काय केलं होतं?"

"पहिली फेरी कधीची आहे?" हेमांगीने नाझिमला विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार."

हेमांगीला तो नोव्हेंबर आठवला. ती तो विसरली नव्हती, त्याच्याकडे फक्त बघत नव्हती. तेव्हा बाबा मनात येईल तेव्हा गाडी काढून कराड गाठायचे. एका रविवारी तेजलचा फोन आला होता, बाबा झोपले होते. तेजल म्हणाली होती, "बाबांना सांग ना, येताना आदल्या दिवशी कळवा. मी रजा टाकीन. परवा आले नि मी शाळेत. बिचारे दोन तास सासूबाईंशी बोलत बसले." बाबा उठल्यावर हेमांगीने निरोप दिला होता: "तेजल म्हणत होती, न कळवता येत जाऊ नका. तिच्या सासूबाईंना दोन तास बसावं लागलं."

यातला शब्द न् शब्द जवळपास खरा होता.

परतताना गाडी तेजल चालवत होती. घरापाशी आल्यावर तिने ती पोर्चमध्ये घातली, पण उतरली नाही. स्टिअरिंग धरून समोर बघत म्हणाली, "सासूबाई बोलल्या असणार काहीतरी. दुसरं काही असूच शकत नाही. आज गेल्या गेल्या विचारणार आहे त्यांना. ऐंशीच्या आहेत, हृदयाचा त्रास आहे, तरी सोडणार नाही."

हेमांगी मुकाट बसून राहिली असती तर ते तिथेच मिटलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. बाबा गेले होते, आणि बॅटरीच्या थरांत माणसांचं बोलणं उमटत नाही. कराडच्या त्या म्हातारीशी तिचं काही नातंही नव्हतं. दाराच्या खटक्यावर हात ठेवून ती थोडा वेळ बसली. मग तिने हात काढला.

"त्यांना काही विचारू नकोस," ती म्हणाली. "मी बोलले होते."

आणि तिने सांगितलं. तेजलने ते एकदा ऐकलं, आणि म्हणाली, "पुन्हा सांग. नेमके कोणते शब्द?" हेमांगीने तेच शब्द पुन्हा सांगितले.

"आणि रजेचं? मी रजा टाकीन म्हणाले होते, ते?"

"ते नाही सांगितलं."

"का?"

"ते ऐकून त्यांचं तोंड उजळलं असतं."

तेजलने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "काय म्हणाले बाबा?"

"बरं म्हणाले. मग जेवायला बसले. आमटी छान झालीय म्हणाले." हेमांगीचे डोळे कोरडे होते. "मला बरं वाटलं, तेजल. त्या दिवशी मला फार बरं वाटलं."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"मला तुझा हेवा वाटायचा, माहितीय?" शेवटी तेजल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड होतं. "चौदाव्या वर्षापासून. त्यांचा सकाळचा चहा तुझ्या हातचा. त्यांना ताप आला की तुला कळायचं, मला चार दिवसांनी. शेवटच्या दिवशी त्यांचा हात तुझ्या हातात होता. माझ्या वाट्याला रविवारचा फोन आणि फणसाचा डबा. त्यांनी डबा पाठवायचा, कारण मी तिथे नव्हते. तुला गरे वेगळे काढून ठेवावे लागत नव्हते, तू समोर होतीस."

हेमांगीला बोलायचं होतं, पण तेजलने हात वर केला.

"नाझिम मघाशी सांगत होता, एवढी फिरलेली गाडी एरवी कितीला जाते? दोन साठ ना? त्याचे निम्मे, एक लाख तीस हजार तुला देते. हिची जी जास्तीची किंमत येतेय, ती बाबांनी जपून जपून चालवली म्हणून. तो घाट ते माझ्यासाठी चढले होते. ते गुरुवार माझे होते. ते मी तुझ्याकडून विकत घेणार नाही."

"पैसे नकोत मला."

"घ्यायचे. कागदावर त्यांनी निम्मे लिहिलेत."

तिने तिथल्या तिथे पैसे पाठवले, हेमांगीने फोनवर अंगठा देऊन गाडी तिच्या नावे केली. मग तेजल म्हणाली, "उतर." हेमांगी उतरली. गाडी आवाज न करता पोर्चमधून मागे गेली, वळली, आणि घाटाच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर दीड महिना तेजलने फोन उचलला नाही. निरोपांना उत्तर दिलं नाही. हेमांगी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, संध्याकाळी घरी येऊन एका माणसाचा भात लावायची. तिला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. पण जळणं थांबलं होतं. हेवा करायला जे लागतं तेच कुठे उरलं नव्हतं. बाबांचं प्रेम मोजायला बसावं तर तिला तो फाटकासमोरचा पाऊण तास दिसायचा, आणि मग मोजमाप पुढे सरकायचंच नाही.

मार्चच्या एका गुरुवारी तिने लॅबला कुलूप लावलं आणि सकाळची कराडची एसटी धरली.

शाळा शोधायला त्रास पडला नाही. समोरच्या चार्जरवर चार-पाच गाड्या लागल्या होत्या, त्यातल्या तीन पांढऱ्या. हेमांगी त्यांच्या आडोशाला उभी राहिली. बाराला घंटा झाली. फाटक उघडलं आणि तेजल बाहेर आली, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. एका मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती तिने खाली बसून बांधली. एका पोराचं दप्तर बसमध्ये वर चढवलं. कुणाला तरी दटावलं, आणि पाठ फिरवून स्वतःच हसली. हेमांगीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. इथून पाऊण तास बघत बसावं, नि न भेटता निघून जावं, हे किती सोपं आहे ते तिला कळलं. परतीची एसटी एकला होती.

ती आडोशातून बाहेर आली आणि रस्ता ओलांडून थेट फाटकासमोर, उन्हात जाऊन उभी राहिली.

तेजलने तिला बघितलं. शिट्टी ओठांपाशीच राहिली. मग तिने मान फिरवली आणि उरलेली पोरं बसमध्ये बसवली, एकेक मोजून. शेवटची बस सुटेपर्यंत हेमांगी हलली नाही.

"कशाला आलीस?" तेजल जवळ येऊन म्हणाली.

"तुला दिसावं म्हणून."

"मला अजून बोलायचं नाहीये तुझ्याशी."

"नको बोलूस."

तेजलने घड्याळात बघितलं, मग तिच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे. "चल, स्टँडवर सोडते," ती म्हणाली, आणि शाळेच्या मागच्या बाजूला निघाली. तिथे झाडाखाली बाबांची गाडी उभी होती. तेजलने चालकाच्या जागी बसून दुसरं दार आतून उघडलं.

स्टँडपर्यंत दहा मिनिटं लागली. कोल्हापूर नाक्याच्या गर्दीत एक दुचाकीवाला आडवा आला, तेव्हा तेजलने ब्रेक दाबला आणि तिचा डावा हात आपोआप हेमांगीच्या पुढे आडवा झाला, लहान मुलाला सावरावं तसा. मग तिने तो झटकन मागे घेतला.

स्टँडवर चिपळूणची एसटी लागलेली होती. हेमांगी उतरली, दार लावायला वळली.

"पुढच्या गुरुवारी शाळेची सहल आहे," तेजल समोर बघत म्हणाली. "शुक्रवारी ये."